चहाला नावं ठेवणारं घर

आमच्या घरात चहा कधीच चांगला झाला नाही. म्हणजे झाला असेलही, पण तसं कोणी म्हटलं नाही. कप हातात आला, पहिला घोट घेतला की खोट काढायचीच, अशी आमच्याकडची रीत. वडील बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर आले की पडवीत बसून कपात डोकवायचे आणि म्हणायचे, याच्यापेक्षा समुद्राचं पाणी बरं. भाऊ विचारायचा, दूध घातलंस की नुसतं दाखवून परत नेलंस? मी त्या सगळ्यांत जास्त तिखट जिभेची. मला चहा कधी उकळून काळा पडलेला वाटायचा, कधी कोमट, कधी भांड्याला आदल्या दिवशीच्या कालवणाचा वास. आई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मग जे तोंडाला येईल ते आम्हाला परत ऐकवायची आणि आत जायची. यात राग कोणाचाच नसे. उलट एखादा पाहुणा "वा, काय फक्कड चहा झालाय" म्हणाला, की आई त्याच्याकडे संशयाने बघायची. याला नक्की काहीतरी मागायचं आहे, असं तिला वाटायचं, आणि बऱ्याचदा ते खरंही निघायचं.

चहा ती आल्याचाच करायची. परसात विहिरीच्या खालच्या अंगाला आल्याचा एक वाफा असतो, त्याच्या शेजारी हळदीचा, आणि त्याला लागून चार रोपं आंबेहळदीची. पाला वाळला की सगळं खणून काढायचं, माती झटकायची, आणि आलं एका मडक्यात, आंबेहळद दुसऱ्या मडक्यात, वाळू घालून ठेवून द्यायची. आंबेहळद मुका मार लागला, पाय मुरगळला की उगाळून लावायला. तिचा कंद दिसायला थेट आल्यासारखा, पण मोडला की कच्च्या कैरीचा वास येतो. चहासाठी आई आलं पाट्याच्या कोपऱ्यावर वरवंट्याने चेचते, ते पाण्यात साखरेबरोबर उकळते, मग पावडर, मग झाकण, आणि दूध अगदी शेवटी. आल्याला आधी कढ यायलाच हवा, नाहीतर दूध नासतं, हे मला तिने शाळेत जायच्या आधी शिकवलं असेल.

वडील गेल्यापासून आई त्या घरात एकटी राहते. देवगडहून कुणकेश्वरला जाताना रस्त्याच्या उतरणीला आमची वाडी आहे. मी कणकवलीला असते, एका कचेरीत नोकरी करते, आणि रविवारची पहिली एसटी पकडून आईकडे जाते. भाऊ माझ्यापेक्षा लहान, तो मुंबईला. तसं सगळं सुरळीत चाललं होतं. या थंडीत मात्र एक दिवस आईने विहिरीवरचा पंप चालू केला आणि ती शेजारच्या घरी कोणाच्या तरी लग्नाच्या गप्पा ऐकत बसली. टाकी भरून वाहिली, अंगणात तळं झालं, पडवीत ठेवलेले सुके मासे भिजले. शेजारच्या वहिनीने ही बातमी भावाला फोनवर मीठमसाला लावून सांगितली. भावाचा मला फोन आला. तो म्हणाला, शिवरात्रीच्या जत्रेला मी येतोच आहे, तोवर तू नीट लक्ष ठेव. ती ठीक असली तर राहू दे. काही वेगळं दिसलं तर मी परत जाताना तिला घेऊनच जातो, तिचं तिकीटही माझ्याबरोबर काढून ठेवतो.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच चीड आली. आईवर पहारा ठेवायचं काम मी किती चटकन अंगावर घेतलं! आई एकदाच मुंबईला राहिली होती, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. भावजय मनाने चांगली, तिने काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. परत आल्यावर आई एवढंच म्हणाली होती, की थंय माका कायच काम नाय. तेवढं सांगून ती तशीच चप्पल न काढता आल्याचा वाफा बघायला गेली होती. तिला इथून हलवलं तर तिचं काय होईल, हे मला माहीत होतं.

त्यानंतरच्या रविवारी गेले तेव्हा आई नेहमीसारखी दारातच उभी होती. बसला उशीर झाला म्हणून एसटीचा उद्धार करून ती चहा करायला गेली. मी पडवीत पाय पसरून बसले. पाट्यावर ठेचल्याचा आवाज आला, मग कपबशीचा. आईने कप माझ्या हातात दिला, मी घोट घेतला, आणि माझं तोंड वाकडं व्हायच्या आत मी ते सरळ केलं. चहाला कैरीचा वास होता. जिभेवर कडवट काहीतरी रेंगाळलं, औषधाच्या दुकानात शिरल्यासारखं. चहात आंबेहळद होती.

कुणी म्हणेल, त्यात एवढं काय? शेजारशेजारची मडकी, सारखे दिसणारे कंद. पण मला आठवली ती आमची मावशी. आईची थोरली बहीण दोडामार्गला दिली होती. तिचं असंच स्वयंपाकघरापासून सुरू झालं. आधी आमटीत दोनदा मीठ, मग वाटपाशिवाय कालवण. सगळे हसायचे, तीही हसायची. काही वर्षांनी तिचा सख्खा मुलगा गोव्याहून कामावरून घरी आला, तर तिने त्याला विचारलं, "तू कोणाचो रे?" आमच्याकडे म्हातारी माणसं वाटेवर भेटलेल्या कुठल्याही पोराला हे विचारतात, म्हणून त्याला आधी ती चेष्टाच वाटली. तो तिच्याकडे बघून हसला. ती हसली नाही.

मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. आईने विचारलं कसा झालाय, तर म्हणाले, "चाय बरी झाली." आईने माझ्याकडे जरा बघितल्यासारखं वाटलं. मग ती कप उचलून आत गेली. मी तेव्हा गप्प का बसले, याची पुष्कळ कारणं मी नंतर स्वतःला दिली. आईला वाईट वाटू नये, हे त्यातलं सगळ्यांत गोंडस. खरं कारण हे, की मी घाबरले होते. तोंडातून निघालं असतं तर ते खरं झालं असतं, आणि खरं झालेलं भावाला कळवावं लागलं असतं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. कचेरीत समोर माणूस उभा असायचा आणि मी त्याचा कागद उलटा धरून वाचत असायचे. सकाळ-संध्याकाळ आईला फोन. नुसती चौकशी नाही, गप्पांच्या नावाखाली परीक्षाच. आज वार कोणता, अमक्याच्या मुलीला कुठे दिली, बागेचे आंबे यंदा कोणी घेतले, फवारणी झाली का. आई पटापट उत्तरं द्यायची. वर एकदा म्हणाली, कचेरीत काम नाय वाटता तुका. मला हायसं वाटायचं. फोन ठेवला की पुन्हा मनात पाल चुकचुकायची, कारण मावशीलाही जुनं सगळं लख्ख आठवायचं. नवऱ्याने समजावलं, की अगं, मी परवा गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवली होती. त्यालाही मी ओरडले. भावाचा फोन आला तेव्हा म्हटलं, बरी आहे, काही नाही. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं, नक्की.

पुढच्या रविवारी बसमधून उतरून मी घराकडे चालत गेले. आईने दारातच सांगितलं, की आलं संपत आलं होतं, म्हणून कालच मडक्यात हात घालून चांगले कंद वर काढून ठेवले. मला बरं वाटलं. आलं वेगळं काढलंय म्हणजे तिला कळलेलं असणार. मी मागोमाग स्वयंपाकघरात जायला लागले, तर तिने मला अडवलं. दमून इलंस, भायर बस, म्हणाली. मी बसले. चहा आला. घोट घ्यायच्या आधीच वाफेतून कैरीचा वास नाकात शिरला. या खेपेला आंबेहळद थोडीथोडकी नव्हती. चहा पिवळसर दिसत होता, आणि चव अशी, की लहानपणी गुडघ्याला लावलेला लेप कोणीतरी गाळून दिलाय.

आई समोर बसली होती, पदराने हात पुसत. तिने विचारलं, चायेत आला जास्त नाय ना झाला? मी म्हटलं, नाही गं, अगदी बरोबर. आणि प्यायले. प्रत्येक घोटाला डोळ्यांत पाणी येत होतं, ते कडू चवीचं की कशाचं हे मला सांगता येणार नाही. कप रिकामा करून तिच्या हातात दिला आणि फोन घेऊन परसात गेले.

विहिरीच्या कठड्याला टेकून मी भावाला फोन लावला. त्याला सांगितलं, की तू म्हणत होतास ते बरोबर आहे. एकदा झालं तेव्हा मी बोलले नाही, पण आज पुन्हा झालं. आलं कुठलं आणि आंबेहळद कुठली हे तिला कळत नाही. ज्या बाईने मला आलं ओळखायला शिकवलं तिला.  तो म्हणाला, तिकीट काढलेलंच आहे, तू तिच्या कपड्यांचं बघ. मी हो म्हटलं. फोन बंद केला आणि तिथेच उभी राहून रडले. पोफळींच्या पलीकडे शेजारची वहिनी कपडे वाळत घालत होती, म्हणून रडणंही आवाज न करता.

तोंड धुऊन आत आले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुढ्यात पाट्यावर दोन कंद. एक आल्याचा, एक आंबेहळदीचा, दोन्ही मोडलेले. तिने बोट लावून मला विचारलं, ह्या काय? मी म्हटलं आलं. आणि ह्या? माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही. ती म्हणाली, "पयल्या वेळेक माझो हात चुकलो. तू गेल्यावर चोथो फेकूक गेलंय तेवा समाजला. आज मी मुद्दाम घातलंय."

मी विचारलं, कशाला? तर तिने जे सांगितलं ते ती खूप वेळ मनात जुळवत असावी, कारण एरवी ती एवढं सलग बोलत नाही. आठवडाभर ती विचार करत होती, की माझी मुलगी तो कडू चहा मुकाट्याने प्यायली कशी. एक तर तिच्या तोंडाची चव गेली, नाहीतर तिच्या जिवाला कसली तरी काळजी आहे. मग माझे सकाळ-संध्याकाळचे फोन सुरू झाले, वार विचारायचे, आंबे विचारायचे, आणि तिच्या लक्षात आलं की काळजी आहे ती तिचीच. खात्री करायला म्हणून तिने आज मूठभर आंबेहळद ठेचली. जन्मभर चहाला नावं ठेवणारी मुलगी आजही बोलली नाही.

"चुकलंय तर चुकलंस म्हणान सांग," आई म्हणाली. "तू गप रवलंस तर मी चुकतंय ता माका कळतला कसा?"

मला वाटतं मी त्या क्षणापर्यंत हे त्या बाजूने पाहिलंच नव्हतं. मी तिला सांभाळतेय, तिचं मन राखतेय, असं मला वाटत होतं. आणि ती बिचारी आपली चूक आपल्याला कोणीतरी सांगेल म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी तिच्याजवळ बसले. तिने मला जवळ वगैरे घेतलं नाही, आमच्यात ती पद्धत नाही. ती म्हणाली, पोटात ढवळत असेल तर सोलकढी आहे. मग पाटा धुवायला घेतला. परसात काय बोलणं झालं ते तिने विचारलं नाही, पण पाटा धुता धुता म्हणाली, "माका मुंबयक नेवचो बेत आसा, होय ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलायचं बळ संपलं होतं.

संध्याकाळी बसमध्ये बसून भावाला पुन्हा फोन केला आणि सगळी हकीकत सांगितली. तो आधी हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, दुसरी मुद्दाम केली हे ठीक, पण पहिली खरी चूकच होती ना? मी म्हटलं, होती. आणि पंप? तोही होताच. शेवटी त्याचं म्हणणं पडलं, की तिकीट राहू दे, आल्यावर बघू. मला त्याचा राग आला नाही. माझ्या मनातही तेच होतं. आईने मला पकडलं याचा आनंद दोन दिवस टिकला. मग पहिली चूक पुन्हा डोकं वर काढायला लागली. हात चुकला हे खरं, पण ठेचताना तो कैरीचा वास? तो तिला कसा आला नाही?

शिवरात्रीला भाऊ आला. जत्रेत आम्ही तिघं गेलो, आई रांगेत आमच्यापेक्षा ताठ उभी राहिली, येताना खाज्याचा पुडा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ निघणार होता. त्याची बॅग पडवीत होती. आईची बॅग भरायची की नाही हा विषय कोणी काढलाच नव्हता. मी रात्रीपासून वाट बघत होते की तो काढील, तो बहुतेक माझी वाट बघत होता. शेवटी आई म्हणाली, चाय करतंय, आणि उठली.

चहा आला. आल्याचा वास छान घमघमत होता, खरं आलं. माझा जीव भांड्यात पडला. मी घोट घेतला. चहात साखर नव्हती. कमी नव्हती, नव्हतीच.

मी भावाकडे पाहिलं. त्याने घोट घेतला होता आणि तो कपाकडे बघत होता. त्याने दुसरा घोट घेतला. आमची नजरानजर झाली आणि त्याने मान किंचित हलवली, राहू दे, अशी. मला आईचा चेहरा दिसत होता. मी त्यावर त्या रविवारची लबाडी शोधली. असती तर किती बरं झालं असतं! ती नव्हती. आई आपली निवांत बसली होती, बाहेर उन्हात घातलेल्या मिरच्यांकडे बघत. तिला खरंच माहीत नव्हतं. आणि मला कळत होतं, की मी आता तोंड उघडलं तर पडवीतली ती एक बॅग दोन होणार. मी गप्प बसले तर आज संध्याकाळी आई आपल्या घरात असेल. एका घोटाचा तर प्रश्न होता.

"आये," मी म्हटलं, "चायेत साखर नाय."

आईने माझ्याकडे बघितलं, मग आपला कप उचलून एक घोट घेतला. तिचा चेहरा उतरला. क्षणभर ती खूप म्हातारी दिसली. मग उठली, साखरेचा डबा आणि चमचा घेऊन आली, तिघांच्या कपात साखर घालून ढवळली. थोडी साखर बशीत सांडली. ढवळून झाल्यावर तिने भावाला विचारलं, "तू कित्याक गप रवलस रे?" त्याने कप उचलून तोंडाला लावला. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हय चुकलंय तर सांगूक ह्या आसा. थंय तुमच्याकडे सगळी बरी माणसां. बिनसाखरेची पितली, आणि माझ्या पाठीमागे एकमेकांच्या तोंडाकडे बघतली."

यावर वाद झाला नाही. भावाने चहा संपवला. मग त्याने विचारलं, की उद्या गॅस चालू राहिला तर काय, पंपाचं काय. आई म्हणाली, पंप आता शेजारच्या वहिनीच्या समोरच चालू करीन, तिला फोन करायला विषय तेवढाच. गॅसचं तिने उत्तर दिलं नाही, आणि आम्ही पुन्हा विचारलं नाही. भावाने मोबाईल काढून एक तिकीट रद्द केलं. आई त्याच्यासाठी डब्यात कुळथाची पिठी भरायला आत गेली.

मी त्याला बसपर्यंत सोडायला गेले.  बस यायला वेळ होता. तो पुन्हा पुन्हा बॅगेची चेन लावत, काढत होता. मग म्हणाला, "खरीच इसारली ना ती?"

मी होय म्हटलं.

"आता पुढे वाढत जातला ह्या."

मी पुन्हा होय म्हटलं. बस वळणावर दिसली तेव्हा त्याने बॅग खांद्याला लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगीत रव मगे तिका. माझ्यान नाय जमाचा ता."

तो गेल्यावर मी घरी परत गेले. आई भांडी घासत होती. तिने विचारलं, काय म्हणत होता? मी सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. ती ऐकत राहिली, आणि मग तिने धुतलेला कप माझ्या हातात पुसायला दिला.